भाव काय चाललाय

कांदिवली स्टेशनच्या पश्चिमेला, पुलाचा जिना उतरला की उजव्या हाताला वसईची एक मावशी बसते. टोपलीत वेलची केळी, एखादं केळफूल, अळूच्या जुड्या, लाल माठ, कधी राजेळीची फणी आणि श्रावणात केळीच्या पानात बांधलेला सोनचाफा. मी तिच्याकडून इतकी वर्षं घेते आहे की भाव विचारायचं कधीच सोडून दिलं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिनेच मला भाव विचारला. अळूची जुडी कागदात गुंडाळता गुंडाळता, सुटे पैसे मागावेत तशा सुरात म्हणाली, "ताई, तुमच्या चारकोपला खोलीचा भाव काय चाललाय?"

मी सांगितला. तिने डोळे विस्फारले नाहीत की कपाळाला हात लावला नाही. "म्हणजे चार गुंठे तरी जातील," असं स्वतःशीच बोलली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला केळी मोजून द्यायला लागली. मी पिशवी घेऊन रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आणि तिथे मला चक्क राग आला. कोणाचा आणि कशाचा, ते मात्र घरी जाऊन अळू चिरेपर्यंत उमगलं नाही.

मी तिची वाडी कधी पाहिली नव्हती, पण मनात ती पूर्ण तयार होती. विहीर, केळीच्या ओळी, मधून चिंचोळी पायवाट, पानवेलीवर पसरलेली गार सावली. सकाळच्या गर्दीत कोणाची कोपरं चुकवत मी तिच्यापाशी पोचायची आणि त्या टोपलीतल्या ओल्या मातीच्या वासाने मला बरं वाटायचं, की आहे, अजून कुठेतरी आहे. ते 'कुठेतरी' राखायचं काम मी परस्पर तिला देऊन टाकलं होतं. तिला न विचारता, बिनपगारी. आणि आता ती राखणदारच मला भाव विचारत होती. राग आला तो याचा.

या मार्गावरची पहिली लोकल १८६७ साली निघाली ती विरारहून. पुढे १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोचली. मुंबईने वसईशी संबंध जोडला तो आधी पोटाचा, राहायच्या जागेचा नंतर. आजही पहाटेच्या गाड्यांच्या लगेजच्या डब्यात शिरून बघा. भाजीच्या पाट्या, दादरच्या फूलबाजारात जाणारे चाफ्या-मोगऱ्याचे भारे, दुधाच्या बरण्या, आणि त्यांच्यामध्ये बसल्या बसल्या डुलकी काढणाऱ्या लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या. तासाभराने त्याच रुळांवरून त्याच दिशेने ऑफिसची माणसं येतात, दाराला लटकून. ही माणसं जिथे राहतात त्या इमारती त्या भाजीच्याच जमिनीवर उभ्या आहेत, निदान पूर्वेकडच्या तरी. सकाळी भाजी येते, मग भाजीच्या जागी राहायला गेलेले येतात. रेल्वेच्या दृष्टीने दोन्ही वाहतूकच.

बाकी मुंबईकराला शेती दिसते ती रुळांच्या कडेला. रेल्वेने आपल्याच कर्मचाऱ्यांना लावायला दिलेल्या पट्ट्यांवर पालक, माठ, भेंडी वाढते. कुठल्या पाण्यावर, ते आपण बघत नाही. आता तेही पट्टे कमी होत चाललेत. बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला गेलं तर भात दिसतं, मुंबईच्या हद्दीतलं. गोराई, मनोरी, उत्तनच्या लोकांनी पर्यटनाचा 'सेझ', म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, येणार म्हटल्यावर धारावी बेट बचाव समिती काढली (धारावी बेट म्हणजे हीच गावं, झोपडपट्टीची धारावी नव्हे), मोर्चे नेले आणि तो थोपवला. आम्ही खाडीच्या अलीकडे राहणाऱ्यांनी ते पेपरात वाचलं. रविवारी फेरीबोटीने जाऊन तिकडे मासे खाऊन आलो.

आम्ही राहतो ते चारकोप तरी काय होतं? थोडं खाजण, थोडी भातशेती, त्यावर मुरूम-दगडाचा भराव. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर म्हाडाने इथे भूखंड पाडले: वस्तीला रस्ता, पाणी, गटार द्यायचं आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. बाबा गिरणीत होते. संप होऊन गेला होता, परळची खोली भावंडांत अपुरी पडत होती. सेक्टरमध्ये आम्हाला जागा लागली तेव्हा आईने पेढे वाटले होते. पहिल्या पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीतून चिंबोऱ्या वर यायच्या आणि रात्री बेडकांच्या आवाजात रेडिओ ऐकू यायचा नाही. खाडीच्या बाजूला गावातली एक म्हातारी अजून भात लावायची. चिखलात वाकलेली ती, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, आणि बांधाला लागून आमच्या सोसायट्यांच्या विटांचे ढीग. एका वर्षी ती लावणीला आली नाही. आम्हाला तेव्हा आनंद झाला होता, कारण तिथे खेळायचं मैदान होणार अशी बातमी होती. मैदान काही झालं नाही, पण ती वेगळी गोष्ट.

आमच्या जोत्याखाली कोणाचं पीक होतं, हे घरात कधी कोणी काढलं नाही.

मावशीने "या एकदा घरी" असं कैकदा म्हटलं होतं. त्या भावाच्या प्रश्नानंतर मी खरंच गेले. वसई स्टेशनपासून पश्चिमेला रिक्षा निघाली की बराच वेळ तुम्ही कांदिवलीतच असता: तेच मोबाईलचे ठेले, त्याच 'शेवटचे काही फ्लॅट' वाल्या पाट्या. मग एका वळणावर इमारती संपतात. हळूहळू विरळ होत नाहीत, संपतातच. एका बाजूला सात मजले, दुसऱ्या बाजूला केळी. ही रेघ निसर्गाने आखलेली नव्हे, ती माणसांनी धरून ठेवलेली आहे, हे तिथे उभं राहिल्यावर पायांना कळतं. गारवाही त्या रेघेवरच सुरू होतो.

वाडी माझ्या मनातल्यापेक्षा लहान निघाली आणि जास्त गजबजलेली. केळी होती, पण त्यांच्यामध्ये नारळ, शेवगा, जास्वंद, तगर, कडेने अळू, कुंपणावर तोंडली. इंचभर जमीन मोकळी नाही. पानवेल एके काळी होती. इथलं पान पाकिस्तानपर्यंत जायचं, सीमेवर काही बिनसलं की इथे पानमळ्यात माणसं डोक्याला हात लावून बसायची. आता मावशीकडे पानवेलीचा एक कोपरा उरलाय, पूजेपुरता. पडवीत सुकेळी वाळत होती. राजेळी सोलून, उन्हात घालून, पुन्हा केळीच्याच सोपटात बांधायची. तिच्या वासात गूळ, धूर आणि किंचित आंबूसपणा असतो. मी दोन पुड्या घेतल्या आणि पैसे देताना अवघडले, कारण मी पाहुणी होते आणि तिला ते पैसे हवे होते.

घरामागे बावखल आहे. वसईत असे गोड्या पाण्याचे शेकडो तलाव वाड्या शिंपायला पूर्वजांनी खणून ठेवले. पावसाचं पाणी तिथे साठतं, मुरतं, विहिरींना पुरतं आणि समुद्राकडून आत सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याला अडवून धरतं. मावशीच्या बावखलावर शेवाळ होतं, एक खंड्या होता आणि कडेला कोणीतरी टाकलेल्या जुन्या टाइल्सचा ढीग होता. "चुलत्याच्या हिश्श्यातून टाकतात," ती म्हणाली. "दर वर्षी थोडं थोडं भरतात. एकदम भरलं तर लोक ओरडतात."

मावशीचा दीर सत्तरीचा आहे. त्याच्या बोलण्यात ऐंशीच्या दशकाची अखेर अजून चालू असते. वसई-विरारचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करायचं सरकारी धोरण आलं, पाठोपाठ १९९० मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं. जमिनी पटापट हात बदलू लागल्या. कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली हे तलाठ्याकडे गेल्यावर कळायचं, आणि विचारायची हिंमत नसायची. त्या दिवसांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. आपण फादरांना ओळखतो ते उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून, 'सुवार्ता'चे संपादक म्हणून. दिराच्या लेखी ते "लोकांना घराबाहेर काढणारा माणूस" होते. चर्चमधून, देवळांतून, वाड्यांतून माणसं निघाली. वाडवळ, सामवेदी, कुपारी, भंडारी, कोळी. एरवी विहिरीच्या पाळीवरून एकमेकांची डोकी फोडणारे एका मोर्च्यात चालले. २०२४ च्या जुलैत फादर गेले तेव्हा दिराने दोन दिवस वाडीत पाऊल टाकलं नाही, असं मावशी म्हणाली. "बसून राहिला नुसता. केळीचा घड पिकून गळला, तरी उठला नाही."

पण त्याच दिराने मला टँकरचीही गोष्ट सांगितली आणि ती सांगताना आवाज खाली आणला. पूर्वेला इमारती उभ्या राहिल्या, त्यांना नळाचं पाणी नव्हतं. मग पश्चिमेच्या विहिरींत मोटारी पडल्या आणि टँकर भरू लागले. पाणी विकणारा बाहेरचा नव्हता. केळीच्या घडाला खत, मजूर, वाहतूक, दलाल. टँकरला नुसतं बटण दाबायचं. दिवसा मोर्च्यात 'हरित वसई'च्या घोषणा देणाऱ्या काही घरांतून रात्री टँकर जायचे. विहिरी खारावल्या, मचूळ पाण्यावर पानवेल तगेना. त्याविरुद्धही आंदोलन झालं, टँकर अडवले गेले. "पण बिल्डरसमोर उभं राहायला लाज वाटत नाही," दीर म्हणाला, "शेजाऱ्याच्या टँकरसमोर उभं राहायला वाटते." मला या सगळ्या लढ्यातलं हेच वाक्य सर्वांत खरं वाटतं.

पुढचं तुम्ही वाचलेलं असेल. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, गावं म्हणाली आम्हाला नको. लाठ्या खाल्ल्या, आमदार निवडून आणला, २०११ मध्ये एकोणतीस गावं वगळायचा निर्णय पदरात पाडून घेतला आणि मग तो निर्णय कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलेला बघितला. २०१६ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबईच्या प्रादेशिक विकास प्राधिकरणाने, महानगर प्रदेशाचा २०३६ पर्यंतचा प्रारूप आराखडा काढला, तेव्हा वसईतून हरकतींचे गठ्ठेच्या गठ्ठे गेले. दिराकडे एका हरकतीची झेरॉक्स आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर. बॉलपेनने लिहिलेली, अक्षर मावशीच्या मुलाचं. तेव्हा तो कॉलेजात होता. वर विषय, खाली 'महोदय', मग गट क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि त्यानंतर एकच लांबलचक वाक्य, ज्यात विहीर, बावखल, सोनचाफा, समुद्राची भरती आणि पुढची पिढी सगळं कोंबलेलं. आराखड्याच्या नकाशात ही सगळी वाडी रंगाच्या एका ठिपक्याएवढी. तो ठिपका हिरवा राहावा म्हणून घरोघरी असं लिहिलं गेलं. मी आयुष्यभर सरकारी पत्रव्यवहार करून निवृत्त झाले, पण इतक्या पोटतिडकीने लिहिलेला गट क्रमांक माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

मुंबईच्या दुसऱ्या अंगालाही हेच. नवी मुंबई उभी करताना पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानला गोळीबारात पाच जण पडले, तेव्हा कुठे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क रुजला. तो मोबदल्याचा लढा होता, जमीन गेली ती गेलीच. पेण तालुक्यात मात्र लोकांनी देणारच नाही म्हटलं. महामुंबई सेझसाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांची जमीन हवी होती, एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखी माणसं लोकांबरोबर उभी राहिली आणि २१ सप्टेंबर २००८ ला सरकारला तिथे चक्क मतदान घ्यावं लागलं. शेतकऱ्याला विचारलं, जमीन द्यायची का? निकाल काय लागला ते सरकारने अधिकृतपणे कधी सांगितलंच नाही, यावरूनच काय ते समजावं. पुढे मुदत संपली आणि संपादन बारगळलं. आणि २०२४ मध्ये त्याच पेण-पनवेल-उरणमधल्या १२४ गावांवर नव्या शहराची अधिसूचना आली. ज्यांनी तेव्हा 'नाही' असं मत दिलं, त्यांच्या मुलांना पुन्हा हरकतीचा अर्ज लिहावा लागला. हे लढे जिंकून संपत नाहीत. सरकारकडे वेळ असतो, शेतकऱ्याकडे लावणी.

मला स्पष्टच म्हणायचंय, की आपण या लोकांना फुकट राबवतो आहोत. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, रूळ दिसेनात, मिठागरातल्या कामगारांना बाहेर काढावं लागलं, तेव्हा सगळे म्हणाले, पाणी जायला जागा राहिली नाही. जागा म्हणजे काय? ही शेतं, ही बावखलं. जी उरली आहेत त्यांनी किती पाणी पोटात घेतलं याचं बिल कोणी कोणाला लावलं नाही. शहरात तुमच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण पडलं तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करायचा हक्क, मिळतो, तो विकता येतो. 'शेतीच ठेवा' म्हणून हिरव्या रंगात अडकलेल्या वाडीवाल्याला काय मिळतं? रेघेपलीकडच्या शेजाऱ्याच्या गुंठ्याचा भाव ऐकायला मिळतो. आणि वसईच्या इमारतींना शेवटी पाणी आणलं ते सूर्या प्रकल्पाचं, जे धरण डहाणू-पालघरच्या आदिवासींची शेती भिजवायला बांधलं होतं. एक शेती वाचवायला गेलो की दुसऱ्या कोणाच्या शेतीचं पाणी तुटतं, असा हा हिशेब आहे. तो करायला बसलं की माझा मावशीवरचा राग कुठल्या कुठे जातो आणि जागा शोधत माझ्याच दाराशी येतो.

मावशीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. दोन आफ्रिकेत की आखातात, एक नालासोपाऱ्यात, बहिणींनी हक्कसोड दिलेलं नाही आणि त्यांनी का द्यावं? वाडीत रोज उतरणारी माणसं दोन: मावशी आणि दीर. मजूर जव्हार-मोखाड्याकडून यायचे, ते आता बांधकामावर जातात, तिथे रोज जास्त मिळतो. बाजारात जळगावची केळी हिच्या केळ्यांच्या निम्म्या भावाने पडलेली असतात. बिल्डर आता दारात येऊन धमकावत नाही. त्याला यायची गरजच उरलेली नाही, आतलीच माणसं थकतील तेवढी वाट बघायची.

खोलीचा भाव तिने विचारला तो मुलासाठी. मुलगा मालाडला आयटीत आहे, सून बोरिवलीच्या शाळेत शिकवते. मी गेले त्या दिवशी तो घरी होता. तो रोज विरार गाडी पकडतो, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा मारामारी. चारकोपला खोली मिळाली तर रोजचे तीन तास वाचतील, मुलीला वेळ देता येईल. ज्याने कॉलेजात असताना ती हरकत लिहिली, तोच हा. मी जरा आगाऊपणे म्हटलं, "मग वाडी?"

"काकू, वाडी राहिलीच पाहिजे," तो म्हणाला. "पण वाडी राहण्यासाठी मीच राहायला पाहिजे का? तुम्ही सांगा, डझनाला किती द्याल?"

मी माझ्या मते भरघोस आकडा सांगितला. त्याने मोबाईल काढून खत, पाण्याची मोटर, मजुरी, लगेजचा पास, रस्त्यावर बसायचे रोजचे द्यावे लागतात ते, असं सगळं मांडून दाखवलं. माझ्या आकड्यात आईची मजुरी बसत नव्हती. ती धरलीच नव्हती त्याने आधी. मी विचारल्यावर धरली आणि मग तोही गप्प झाला. दीर म्हणाला, हे असं मांडायचंच नसतं, असं मांडलं असतं तर आजोबांनी पहिली केळ लावलीच नसती. मुलगा म्हणाला, आजोबांना ईएमआय नव्हता. त्यावर दोघांचं चांगलंच जुंपलं. सून चहा घेऊन आली, ती कोणाच्याच बाजूने बोलली नाही, पण कप ठेवताना नवऱ्याकडे बघितलं ते मला दिसलं.

चार गुंठे विकायचे तर कोणाला, हाही प्रश्न आहेच. मावशीचा आग्रह, की घेणारा शेती करणारा हवा, मग दोन पैसे कमी आले तरी चालतील. असा माणूस कुठे आहे, यावर घरातलं कोणीच काही बोललं नाही. फार्महाऊसवाले विचारतात. ते चार झाडं लावतात, कुंपण घालतात आणि बोअर मारतात. दिराला ते बिल्डरपेक्षाही आवडत नाहीत, "निदान इमारतीत माणसं तरी राहतात" म्हणून.

निघताना दिराने मला कागदात बांधलेला चाफा दिला आणि म्हणाला, रविवारी गावात बैठक आहे. विरार-अलिबाग कॉरिडॉरच्या महामार्गात जमिनी जाणारे पूर्वेकडचे लोकही येणार आहेत, मुंबईतलं कोणी असलं तर बरं दिसेल, सरकारी कागद कसा लिहायचा ते तुम्हाला कळतं. मी येते म्हटलं. मुलगा म्हणाला, रविवारी त्याला ड्युटी आहे. मावशीने एवढंच विचारलं, की बैठक किती वाजता. सातच्या आत संपणार असेल तर ती येणार होती. सोमवारी तिला पहाटेची गाडी असते.